कानाचं टोक

रात्री दोनला सराफा मिटतो.
गराडूची कढई पालथी पडते,
उलथनं तव्यावर शेवटचं खरडतं,
आणि दिवसा ज्या ओट्यांवर चांदी मोजतात
तिथून पाणी वाहायला लागतं, तुपाचा तवंग घेऊन.
मग त्या येतात.
शटरखालून, गटाराच्या जाळीवरून,
बंद पेढ्यांच्या पन्हाळी उतरून.

पहिल्या आठवड्यात मी पिंजऱ्यात सुके बोंबील ठेवले.
कुणी हुंगलंसुद्धा नाही.
इंदूरची मांजरं ही, तीही सराफ्यातली,
सायीवर पोसलेली.
बोंबील म्हणजे काय, त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही.
तेव्हापासून द्रोणभर रबडी,
पिंजऱ्याच्या पार शेवटी;
पत्र्यावर पाऊल पडलं की दार खाली.
एक काळा बोका तीनदा सापडला.
पहिल्यांदा कामाचा,
पुढे दोनदा नुसता रबडीचा.

मुकुंदराव पोतदार पेढीच्या पायरीवर बसलेले असतात.
झोप येत नाही म्हणतात, मधुमेह म्हणतात.
"मांजर हातून मेलं, ढवळेबाई,
तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं.
आमच्या आजोबांनी घडवलं होतं एक,
सव्वा तोळ्याचं. मिशा तारेच्या.
तुम्ही मारत नाही, मान्य.
पण जी जन्मालाच येणार नाहीत
ती कशात तोलायची?
तोळ्यात की गुंजेत?"

मी चादरीची घडी सारखी करते.
गेल्या माघातली ती सकाळ मी काढत नाही:
जिलेबीची भट्टी रात्रभर कोमट होती,
राखेत चार पिल्लं एकमेकांत गुंतून निजली होती,
हलवायाकडचा पोऱ्या नवा होता,
त्यानं न बघता कोळसा ओतला,
काडी लावली.
काढायची गरजच नाही.
राख मुकुंदरावांनीच उपसली होती.

खट्.

कबरी.
पिंजरा ओट्यावरून वीतभर उडतो,
फिस्कारते, जाळीला नाक घासून रक्त काढते.
चादर टाकायची, लगेच, चारी बाजूंनी.
अंधार झाला की गप्प होतात.
(मलाही भूल देण्याआधी डोळ्यांवर हिरवं फडकं टाकलं होतं.
मीही गप्प झाले होते.)
मग चादरीची एक कड उचलून बॅटरीनं पोट बघायचं.
आचळं ओली असतील तर दार वर करून बाजूला व्हायचं,
कुठल्यातरी माळ्यावर कुणीतरी ओरडत असणार.
हिची कोरडी होती.

सादिकची ई-रिक्षा, मांडीवर पिंजरा,
सकाळपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात बसणं.
डॉक्टर उईके हातमोजे काढत म्हणाल्या,
"दोन होती. अगदी सुरुवात. समजलं नाही बाहेरून."
मी विचारलं, "केवढी?"
त्यांनी करंगळीच्या नखावर अंगठा ठेवून दाखवलं.

गुंजेएवढी.
मुकुंदरावांना मी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रात्री त्याच ओट्यावर दार वर केलं.
ती लगेच निघेना.
डाव्या कानाचं टोक सपाट,
फाटकावर मोडून परत दिलेल्या तिकिटासारखं,
म्हणजे पुन्हा कुणी धरू नये.
मुकुंदरावांनी खिशातून भिंग काढलं, सवयीनं,
खडा बघतात तसा तिचा कान बघितला.
"सोनारानं टोचला असता तर दुखला नसता."
विनोद होता. हसलं कुणीच नाही,
तेही नाही.
मग ती सुटली ती सरळ रेषेत,
मागे न वळता, राजवाड्याच्या दिशेनं.

आता त्यांच्या पायरीवर रोज एक द्रोण असतो.
विकतचा, पाव किलोतला,
स्वतःला चाखायची मनाई असलेल्या माणसानं ठेवलेला.
येते कबरी. अंग भरलंय, केस चकाकतात.
मी चार ओटे सोडून बसते, पिंजरा मागे लपवून;
तांबडा बोका अजून बाकी आहे.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
ही उघडे ठेवून पिते,
दोन्ही, माझ्यावर.
बरोबर आहे तिचं.